पोटाचा त्रास, पण पोटात न दिसलेला : तुमचे अनुभव लिहा

जुलाब लागले, उलट्या झाल्या, मुरडा आला की आपण लगेच ओळखतो. ओव्याचा फक्का मारतो, मऊ भात खातो, नाहीच थांबलं तर दवाखाना गाठतो. हा धागा त्यासाठी नाही. पचनसंस्थेचं काहीतरी बिनसलंय हे ज्या खुणांवरून कळायला हवं होतं, पण महिनोन्‌महिने कुणाच्या ध्यानातच आलं नाही, त्या खुणा इथे लिहा. खूण कुठे दिसली, घरात तिला काय म्हटलं गेलं आणि शेवटी कोणी, कशावरून ओळखलं, एवढं सांगा. औषधांची नावं आणि डोस नकोत. ज्याचं त्याचं औषध ज्याच्या त्याच्या डॉक्टरांकडे.

एक गोष्ट आधीच सांगते. शौचातून रक्त, कारण नसताना घटणारं वजन, गिळताना अडकणं, झोपेतून उठवणारी पोटदुखी किंवा पन्नाशीनंतर शौचाच्या सवयीत झालेला बदल, यांपैकी काही असेल तर इथले अनुभव वाचत बसू नका. आधी तपासून घ्या, मग लिहा.

नाशिक, माध्यमिक शाळेत शिक्षिका

मला पोटदुखी नाही, जुलाब नाहीत, काही नाही. फक्त दम लागायचा. दोन जिने चढून वर्गात गेले की हजेरी घ्यायच्या आधी खुर्चीत बसावं लागायचं. हिमोग्लोबिन साताच्या घरात. पाळीमुळे असेल म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे, लोखंडी कढईतली पालेभाजी, सासूबाईंनी काही म्हणून बाकी ठेवलं नाही. आकडा थोडा वर जायचा की परत खाली. मधूनमधून तोंड यायचं, त्याला घरात ‘उष्णता’ म्हणायचे आणि सब्जा भिजत पडायचा.

बदली झाल्यावर नव्या गावातल्या डॉक्टरांनी माझे सगळे जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे टेबलावर मांडले आणि म्हणाले, “बाई, लोह पोटात जातंय पण रक्तात येत नाही. मधे कुठे अडतंय ते बघू.” लोह मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं. त्यांनी रक्तातली टीटीजी ही प्रतिपिंडं तपासायला सांगितली, ती बरीच वाढलेली निघाली. मग दुर्बिणीतून आतड्याचे बारीक तुकडे काढून तपासले. निदान सिलिअ‍ॅक. गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे शरीर आपल्याच आतड्यावर उलटतं, आतल्या अस्तरावरची मखमलीसारखी लव झडते आणि अन्नातलं सत्त्व नुसतं वाहून जातं.

गहू सोडणं फार जड गेलं नाही. आमच्याकडे ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ आहेतच. जड गेला तो लपलेला गहू. पोळ्या बंद होऊनही तब्येत म्हणावी तशी सुधारेना, तेव्हा आहारतज्ज्ञ बाईंनी हिंगाची डबी उलटी करून वाचायला लावली. बांधानी हिंगात हिंग थोडा, बाकी डिंक आणि पीठ, तेही बऱ्याचदा गव्हाचं. रोजच्या आमटीतून गहू जातच होता. दुसरी जागा गिरणी. लोकांचे गहू दळून झाले की त्याच जात्यात आमची ज्वारी पडायची. शेवटी घरघंटी घेतली. तवा, पोळपाट-लाटणं वेगळं केलं. सत्यनारायणाचा शिरा मी हातावर घेते, कपाळाला लावते आणि जावेच्या वाटीत ठेवते, आता सगळ्यांना ठाऊक झालंय. हिमोग्लोबिन बाराच्या वर आहे आणि जिने चढून गेल्यावर मी उभी राहून हजेरी घेते.

सोलापूर, औषधांचं दुकान

बाई, माझंही लोह असंच वाढत नव्हतं. कारण मात्र निराळं निघालं : जठरातला हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू. जळजळ अगदीच मामुली, जेवल्यावर थोडं जड वाटायचं, एवढंच. एवढ्याशा गोष्टीसाठी कोण डॉक्टरकडे जातं? हा जंतू ज्यांनी शोधला त्यांतल्या बॅरी मार्शल यांनी 1984 साली त्याचं द्रावण स्वतः पिऊन दाखवलं होतं, कारण अल्सर, म्हणजे जठरातली जखम, जंतूमुळे होतो हे कुणी मानायलाच तयार नव्हतं. 2005 साली त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळालं.

दुकानात बसून रोज बघतो म्हणून एक सांगतो. पित्ताच्या गोळ्या लोक वाणसामानासारख्या नेतात. या जंतूची श्वासाची तपासणी करायची असेल तर त्या गोळ्या निदान दोन आठवडे आधी बंद असाव्या लागतात, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट ‘नाही’ येऊ शकतो. लॅबवाल्यांनी विचारलं नाही तरी आपण सांगायचं.

ठाणे, पाच वर्षांच्या मुलाची आई

शाळेतून रोज पिशवीत गुंडाळलेली चड्डी घरी यायची. डाग पडलेले. पोरगं आळशी आहे, खेळात दंग होऊन सांगत नाही, असं सगळे म्हणायचे. जुलाब वाटतात म्हणून आम्ही साबुदाण्याची पेज, डाळिंब, तांदळाचं पाणी द्यायचो. बालरोगतज्ज्ञांनी त्याच्या पोटावर हात ठेवला, डाव्या बाजूला खाली दाबून मलाही बोटांना लावून दाखवलं. टणक गोळे लागत होते.

हे जुलाब नव्हतेच, बद्धकोष्ठ होतं. कडक मळ खाली अडकून बसतो, आतडं ताणलं जातं, मुलाला शी आल्याची जाणीवच बोथट होते आणि वरचा पातळ मळ त्या खड्याच्या कडेने झिरपतो. मूल मुद्दाम काही करत नसतं. त्याला कळतच नाही. मळ सैल करणारं औषध बरेच महिने द्यावं लागलं, आणि डॉक्टरांनी ते मधेच थांबवू नका असं बजावलं होतं, कारण ताणलेलं आतडं पूर्ववत व्हायला वेळ लागतो. जेवण झालं की कमोडवर बसवायचं, पायाखाली पाट द्यायचा म्हणजे गुडघे वर येतात. दुधाचे ग्लास कमी केले. ओरडणं पूर्ण बंद. ज्या घरात मुलाला यावरून मार बसत असेल त्यांनी हे कृपा करून वाचा.

कोल्हापूर, ट्रकचालक

कंबर धरली की पेनकिलर, असं चाललेलं. उपाशीपोटीच, वर चहा. पोटात दुखलं म्हणावं तर कधीच नाही. एक दिवस शौचाला काळीकुट्ट, चिकट झाली, वासही कधी न आलेला. काल वांगं खाल्लंय, त्याचं असेल, असं क्लीनर म्हणाला. दुसऱ्या दिवशी डिझेल भरताना डोळ्यांपुढं अंधारी आली. अल्सरमधनं आत रक्त जात होतं. ते पचून काळं होतं, लाल दिसत नाही. लोहाच्या गोळ्यांनीबी शौचाला काळी होते म्हणे, पण गोळ्या चालू नसताना काळी झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, गाडी खाली करायची वाट बघायची नाही.

नागपूर, बँकेत नोकरी, वडिलांबद्दल

बाबा शाकाहारी, मधुमेहाला पंधरा-वीस वर्षं झालेली, त्यासाठी मेटफॉर्मिन चालू, जोडीला पित्ताची गोळी रोज सकाळी. पायाला मुंग्या यायच्या. साखरेने नसा गेल्या, आता असंच राहणार, हे सगळ्यांनी धरूनच घेतलं होतं. एका संध्याकाळी फुटाळा तलावावर फिरताना त्यांची एक चप्पल निसटून मागे राहिली आणि बाबा तसेच अनवाणी पुढे चालत गेले. त्यांना कळलंच नाही. मी चप्पल उचलून हाक मारली तेव्हा ते पायाकडे बघत राहिले.

डॉक्टरांनी जीभ बघितली : गुळगुळीत, लालभडक. साधं वरणही झोंबतं असं बाबा म्हणायचे ते आम्ही वयावर घातलं होतं. बी-12 फारच कमी निघालं. हे जीवनसत्त्व अन्नातून मोकळं व्हायला जठरातलं आम्ल लागतं आणि ते शोषलं जातं लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात. आम्ल कमी करणारी गोळी एका टोकाला आड येते, मेटफॉर्मिन दुसऱ्या टोकाला, आणि शाकाहारात ते मुळातच थोडं. इंजेक्शनांनी जीभ लवकर सुधारली, चिडचिड आणि विसराळूपणाही कमी झाला. पायांची जाणीव मात्र अर्धीच परत आली. उशीर झाला की नसा पुऱ्या भरून येत नाहीत. ज्यांच्या घरी मेटफॉर्मिन चालू आहे त्यांनी वर्षातून एकदा बी-12 तपासायचं का, हे डॉक्टरांना स्वतःहून विचारा.

डोंबिवली, कीर्तनकार

माझी खूण आवाजात होती. सकाळी घसा बसलेला, सारखं खाकरावंसं वाटायचं, कोरडा खोकला. छातीत जळजळ अजिबात नाही. ज्येष्ठमध, खडीसाखर, हळदीच्या गुळण्या सगळं करून झालं. ओळखलं ते दंतवैद्यांनी. वरच्या पुढच्या दातांची आतली, टाळूकडची बाजू झिजलेली होती. बाहेरून दात घासून झीज होते, पण आतून होते ती बहुधा पोटातलं आम्ल वर आल्याने, असं त्या म्हणाल्या आणि मला पोटाच्या डॉक्टरांकडे धाडलं.

कीर्तन संपवून रात्री उशिरा यजमानांकडे भरपेट जेवायचं आणि लगेच आडवं व्हायचं, हा माझा शिरस्ता. आता कीर्तनाआधी खातो, नंतर फक्त कपभर दूध. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा घातल्या आहेत. नुसत्या दोन उशा घेऊन उपयोग नाही, त्याने पोट दुमडतं. मंडळी आग्रह करतात, त्यांना हात जोडून नाही म्हणतो.

पुणे, सॉफ्टवेअर कंपनीत

मला सगळे टेन्शन म्हणायचे. डेडलाइन आली की पोट बिघडतं, हे आमच्या टीममध्ये निम्म्या लोकांचं आहे. पण मी पहाटे तीनला झोपेतून उठून धावायचो. त्यात घोटे सुजायचे आणि दोनदा डोळा लाल होऊन उजेड सहन होईना. डोळ्यांच्या डॉक्टरांनीच विचारलं, “शौचाचा काही त्रास?” मला वाटलं, डोळ्याचा आणि त्याचा काय संबंध?

संबंध होता. अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होणारा आजार, त्यात सांधे, डोळे, त्वचा यांनाही सूज येऊ शकते. निव्वळ ताणामुळे बिघडणारं पोट सहसा झोपेतून उठवत नाही, हे मला तेव्हा कळलं. शौचाची कॅल्प्रोटेक्टिन नावाची तपासणी असते, आतड्याला सूज आहे की नाही याचा अंदाज त्यातून येतो. पुढे कोलोनोस्कोपी झाली, म्हणजे मोठं आतडं दुर्बिणीतून तपासलं. आपल्याकडे आतड्याच्या टीबीचाही विचार करावा लागतो, त्यामुळे तुकडे तपासून मगच औषध ठरलं.

पालघर, अंगणवाडी सेविका

आमच्याकडे खूण म्हणजे मूल भिंतीचा पोपडा खातं. पाटीवरची पेन्सिल, चुलीतली माती. आया मारतात, हातावर मिरची लावतात. रक्त कमी झालं की अशी इच्छा होते, आणि रक्त कमी व्हायचं एक कारण पोटातले जंत. हुकवर्मच्या अळ्या अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. भातलावणीला उभ्या राहणाऱ्या बायकाही अशाच फिकट होतात, डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली की पांढरी.

10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्टला जंतनाशक दिन असतो. गोळी चावून खायची, गिळायची नाही. एक ते दोन वर्षांच्या मुलांना अर्धी, चुरून पाण्यातून. काही पालक त्या दिवशी मुलांना घरीच ठेवतात, मळमळेल म्हणून. ज्याच्या पोटात जंत जास्त त्याला थोडं मळमळतं, दुखतं, आणि तेवढ्यात थांबतं. त्या दिवशी मुलं नक्की पाठवा.

रत्नागिरी, मावशीबद्दल

हा अनुभव उलटा आहे, पण इथे लिहायलाच हवा. मावशी साठीच्या आत-बाहेर. पोट सारखं फुगलेलं, दोन घासांत भरायचं, परकराची नाडी दर आठवड्याला सैल करायची. बाकी अंग मात्र वाळत चाललेलं. गॅस म्हणून हिंगाष्टक, जिरं, सोडा. सोनोग्राफी केली तेव्हा बीजाशयाचा कर्करोग निघाला, पोटात पाणी झालं होतं. पचनाचा दोष नव्हताच. पाळी गेलेल्या बाईचं पोट नव्याने फुगायला लागलं आणि दोन-तीन आठवडे उतरलं नाही, तर गॅसच्या गोळ्यांवर दिवस काढू नका.

धागाकर्ती

रत्नागिरीच्या ताई, लिहिलंत हे फार बरं केलंत. केस गळले, चेहऱ्यावर पुरळ आलं, झोप लागेना, की ‘आतडी साफ करा’ म्हणणाऱ्या जाहिराती रोज दिसतात. शौचाचा नमुना पाठवा, आतड्यातल्या जंतूंचा नकाशा मिळवा, अशी किटंही विकली जातात. त्यावरून आजाराचं निदान होत नाही. वरच्या अनुभवांत निदान झालं ते कुणीतरी जुने रिपोर्ट मांडून बघितले, पोटावर हात ठेवला, जीभ बघितली, दाताच्या मागे आरसा धरला म्हणून.

छत्रपती संभाजीनगर, गृहिणी

नाशिकच्या बाईंना प्रश्न. मलाही तोंड येतं, रक्त कमी आहे. तुमचं वाचून कालपासून गहू बंद केला. आता तपासणी कधी करू?

नाशिक, माध्यमिक शाळेत शिक्षिका

ताई, आजच परत पोळी खायला लागा. गहू बंद असताना ती प्रतिपिंडं कमी होतात, आतड्याची लवही हळूहळू भरून येते, आणि आजार असूनही तपासणीत सापडत नाही. एका दिवसाने काही बिघडलं नसेल. पण ज्यांनी कित्येक महिने सोडलाय त्यांना तपासणीआधी निदान 6 आठवडे, दिवसातून एकाहून जास्त वेळा गहू खावा लागतो. डॉक्टरांकडून टीटीजी लिहून घ्या, जोडीला एकूण आयजीए (प्रतिपिंडांचाच एक प्रकार) पण बघायला सांगा. काहींच्या रक्तात ते मुळातच कमी असतं आणि मग टीटीजी खोटंच नॉर्मल येतं. रिपोर्ट आला की इथे लिहा.