जन्मापासून उजवा हात अधू, आता चांगला हात आणि मान पण दुखायला लागलीय, संबंध असतो का?

घरकुलची_ताई
नमस्कार सगळ्यांना. माझा उजवा हात जन्मतानाच गेला, बाळंतपणात खांदा अडकला होता आणि ओढताना मानेजवळच्या नसा ताणल्या, एर्ब्स पाल्सी म्हणतात त्याला. बोटं चालतात पण हात खांद्याच्या वर जात नाही आणि कोपर पूर्ण सरळ होत नाही. त्याचं मी कधी मनाला लावून घेतलं नाही, शाळा, लग्न, दोन पोरं सगळं झालं. आता वय ४१ आणि दुखतंय ते भलतंच, डावा खांदा म्हणजे माझा चांगला हात! वर मान आखडते, आणि रात्री डाव्या बोटांना मुंग्या येऊन झोपमोड होते. टॉवेलच्या कारखान्यात घडीकामाला आहे मी. टॉवेलचं टोक हनुवटीखाली दाबून धरते कारण उजवा तेवढा वर जात नाही, मग डाव्यानं घडी मारते, दिवसभर तेच. घरी भाकरी पण डाव्यानंच थापते, उजवा नुसता परात धरायला. दवाखान्यात दाखवलं तर म्हणे वय झालं, कॅल्शियम घ्या. ४१ म्हणजे काय वय आहे का ओ? कुणाला असा अनुभव आहे का?

फिजिओ_होटगी_रोड
ताई, संबंध आहे, शंभर टक्के आहे. मानेतून हाताला ज्या पाच नसा येतात (सी५ ते टी१) त्यातल्या वरच्या दोन, सी५ आणि सी६, एर्ब्समध्ये दुखावतात. त्यामुळे खांदा उचलणारे आणि बाहेर फिरवणारे स्नायू कमजोर, आणि आत फिरवणारे मात्र शाबूत, म्हणून खांदा वर्षानुवर्षं आत वळून राहतो आणि वाढत्या वयात सांध्याची वाटीसुद्धा नीट घडत नाही. एक करून बघा, उजव्या हातानं पाण्याचा ग्लास तोंडाला लावा, कोपर बाहेर वर उडतं ना? खांदा फिरत नाही म्हणून शरीर दुसरीकडून वाट काढतं, फऱ्याचं हाड उचलतं, कंबर वाकवतं, मान तिरकी करतं. लहानपणी हे सगळं खपून जातं, पण चाळिशीकडे ते मणके आणि स्नायू बोलायला लागतात. डाव्याचं तर सरळ आहे, दोन हातांचं काम जन्मभर एकट्यानं केलंय त्यानं. मुंग्या अंगठ्याकडच्या तीन बोटांना असतील तर मनगटात नस दबत असेल, एनसीव्ही (नसेतून संदेश किती वेगानं जातो ती तपासणी) करून घ्या, शुगर आणि थायरॉईड पण तपासा, रात्री मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट लावून झोपा. आणि हनुवटीखाली टॉवेल धरणं आधी बंद करा, टेबलाच्या कडेला क्लिप लावून टोक अडकवता येईल का बघा. वस्तू हातातून निसटायला लागल्या किंवा चालताना तोल जायला लागला तर मात्र थांबू नका, लगेच न्यूरोला दाखवा, तेव्हा मणक्याचा एमआरआय लागतो.

नवी_पेठ_काका
ताई मी ५८ चा आहे, माझा डावा तसाच. कापडाच्या दुकानात उभा जन्म गेला, वरच्या फळीवरचे तागे उजव्यानंच काढले, शेवटी उजव्या खांद्याच्या स्नायूची दोरी फाटली. डॉक्टर म्हणाले हाताला आराम द्या. आता सांगा, आंघोळ, जेवण, शर्टाची बटणं सगळं ज्याच्यावर त्याला आराम द्यायचा कसा? लोकांना हे समजतच नाही, त्यांचा एक हात दुखला की दुसरा असतो. म्हणून तुम्हाला कळकळीनं सांगतो, चांगला हात आत्ताच जपा, दुखून बसल्यावर नाही. मी तागे कमरेच्या उंचीवर आणून ठेवले, पिशवी हातात न धरता अंगावर आडवी घेतो, भाजी चिरायला खिळ्याचा पाट करून घेतला. अधू हाताला पण जमेल तेवढं काम द्यायचं, नुसतं दाबून धरायचं का होईना. आणि अपंगत्वाचं कार्ड काढलंय का? नसेल तर स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा, तपासणी होऊन टक्के ठरतात, ४० किंवा वर आले तर बऱ्याच सवलती आहेत.

घरकुलची_ताई
काका, फिजिओ सर, वाचताना डोळ्यात पाणी आलं. आजवर कुणी असं समजावून सांगितलं नव्हतं, मलाच वाटायचं मी कामचुकार झाले की काय. क्लिपचं उद्याच मुकादमांना विचारते. ग्लासचं करून बघितलं, कोपर खरंच उडतं, आयुष्यभर माझ्या लक्षातच आलं नव्हतं! एक विचारायचंय, उजव्याच्या नसेचं ऑपरेशन आता होत नाही का?

फिजिओ_होटगी_रोड
नसेचं आता नाही होत ताई, नस नसलेला स्नायू दीड-दोन वर्षांत सुकतो आणि मग तो परत येत नाही. स्नायूची दोरी दुसरीकडे जोडणं किंवा दंडाचं हाड फिरवून बसवणं असली ऑपरेशनं मोठेपणीही करतात, पण तुमचा प्रश्न आत्ता डाव्याचा आणि मानेचा आहे, तो आधी.

अक्कलकोट_रोड_आई
मध्येच विचारते, माफ करा. माझं बाळ चार महिन्यांचं आहे, असाच डावा हात. मुठी वळवतं पण कोपर वाकवत नाही. घरचे म्हणतात मालिश करा, वर्षभरात येईल आपोआप.

फिजिओ_होटगी_रोड
ताई, वर्षभर थांबू नका. पुष्कळ बाळांचा हात आपोआप येतो हे खरं, पण तीन महिने होऊनही कोपर स्वतःहून वाकत नसेल तर नसांचं ऑपरेशन करणाऱ्या सर्जननी बघायलाच हवं, कारण लागलंच तर ते पहिल्या वर्षाच्या आतच करतात. ह्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडून चिठ्ठी घ्या. तोवर रोज बाळाचं कोपर अंगाला चिकटवून ९० अंशात वाकवा आणि हात हळूहळू बाहेर फिरवा, प्रत्येक वेळी दूध पाजायच्या आधी, एकदा फिजिओकडून समोर बसून शिकून घ्या. जोरात मालिश नको, आणि काखेत धरून उचलू नका.