‘विंडोज 10 व त्यापुढील’ एवढंच लिहून भागतं का?

भोसरीचा सर्व्हिसवाला
काल बावधनकरांनी लिहिलं की कमांड चालली नाही म्हणून मॅन्युअलला शिव्या घालणाऱ्यांनी आधी आपली सिस्टीम अपडेट करावी. आवृत्ती मॅन्युअलवर लिहिलेलीच असते, लोकांना वाचायची सवय नाही, असं त्यांचं म्हणणं. हे मला अजिबात पटलेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

आमच्या पट्ट्यातल्या एका कारखान्यात मापन यंत्राचे रिपोर्ट सर्व्हरवर पाठवायचे होते. यंत्र देणाऱ्या कंपनीच्या मॅन्युअलवर पहिल्याच पानावर ठळक अक्षरात ‘विंडोज 10 व त्यापुढील’. आत एक बॅच फाइल (ओळीने कमांड चालवणारी), तिच्यात कर्ल, म्हणजे नेटवर्कवरून फाइल पाठवायची-आणायची कमांड. यंत्रावर विंडोज 10 होतंच. फाइल चालवली, तर काळ्या खिडकीत ‘कर्ल इज नॉट रेकग्नाइज्ड’. पाथ तपासला, अँटीव्हायरस बंद करून पाहिला, अ‍ॅडमिन म्हणून चालवली. दुसरी शिफ्ट आत यायला लागली आणि सुपरवायझर पाठीशी येऊन उभा. शेवटी विंडोजची आवृत्ती दाखवणारं विनव्हर टाकलं: व्हर्जन 1607. विंडोजमध्ये कर्ल आलं व्हर्जन 1803 पासून, म्हणून कमांड सापडतच नव्हती.

मॅन्युअल वाचलं होतं, तंतोतंत पाळलंही होतं. मग वाचायच्या सवयीचा प्रश्न आला कुठून? 1803 हे चार आकडे लिहायला त्यांचं काय जात होतं? आवृत्ती पानाच्या डोक्यावर लिहून उपयोग नाही. ती कमांडशेजारी, शक्य तिथे प्रत्येक स्विचशेजारी (कमांडला जोडायच्या पर्यायाशेजारी) हवी.

बावधनकर
1607 हे 2016 सालचं. ते अजून चालवायचं आणि दोष मॅन्युअलला द्यायचा? लिहिणाऱ्याने प्रत्येक बिल्डवर (आवृत्तीवर) बसून तपासायचं का? आणि कर्ल नसेल तर पॉवरशेल या विंडोजच्याच कमांड-साधनातलं, तेच काम करणारं इन्व्होक-वेबरिक्वेस्ट 1607 वरही आहे. रडण्यापेक्षा ते वापरा.

भोसरीचा सर्व्हिसवाला
साहेब, ती एलटीएसबी 2016 आहे. अशा यंत्रांसाठीच दिलेली आवृत्ती. तिला फीचर अपडेट येतच नाहीत, सुरक्षा अपडेटची मुदत मात्र ऑक्टोबर 2026 पर्यंत. यंत्र पूर्ण अपडेटेड होतं! इन्व्होक-वेबरिक्वेस्टने काम होतं, तेवढं मान्य. पण तिथे टीएलएस 1.2 (सुरक्षित जोडणीची पद्धत) ची ओळ हाताने घालावी लागते, आणि तेही कुठल्याच मॅन्युअलमध्ये नव्हतं.

नारायणपेठी
प्रत्येक ठिकाणी लिहिणं अशक्य आहे हे मला सांगू नका. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेचं डॉक्युमेंटेशन उघडा. त्याच्या सबप्रोसेस या भागातलं रन हे फंक्शन आवृत्ती 3.5 मध्ये आलं, त्यातला कॅप्चर-आउटपुट हा पर्याय 3.7 मध्ये, दोन्ही तिथल्या तिथे लिहिलंय. लिनक्सच्या मॅन पेजवर (मदतीच्या पानावर) गेटरँडम या फंक्शनला कर्नल 3.17 आणि ग्लिबसी ही लायब्ररी 2.25, दोन्ही आकडे आहेत. उलट गिट पाहा, कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन. त्यातली गिट स्विच ही कमांड 2019 मध्ये आवृत्ती 2.23 ला आली, पण त्याच्या मॅन पेजवर ते सापडत नाही. सेंटओएस 7 या लिनक्ससोबत गिट येतं 1.8.3, म्हणजे त्यात स्विच नाहीच. तिथे बसलेल्या नव्या पोराला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय.

औंधची टेकरायटर
मी ही पानं लिहून पोट भरते, म्हणून बोलते. नवा स्विच कोणत्या बिल्डमध्ये गेला असं विचारलं की डेव्हलपर सांगतो, ‘लेटेस्ट लिही’. सहा महिन्यांनी ते लेटेस्ट कुठलं, हे त्यालाही आठवत नाही. कामाचं तिकीट माझ्याकडे येतं रिलीजच्या आदल्या संध्याकाळी आणि टेम्प्लेटमध्ये आवृत्तीसाठी रकाना एकच, पानाच्या डोक्यावर. लिहिणाऱ्याला बोल लावण्याआधी हे बघा.

चाकणचा कारखानदार
अपडेट करा म्हणणं सोपं आहे हो, बावधनकर. माझं एक मशीन विंडोज 7 वर चालतं. त्याच्या कंट्रोलर कार्डला विंडोज 10 चा ड्रायव्हरच नाही. बनवणारे म्हणतात कंट्रोलर बदला. पैसे तुम्ही देणार?

बावधनकर
विंडोज 7 चा सपोर्ट 14 जानेवारी 2020 ला संपला! माझ्या ओळखीच्या एका पतसंस्थेत असंच जुनं मशीन होतं. रॅन्समवेअर आलं, खातेदारांच्या नोंदी गेल्या, कर्मचारी कागदी पावत्या काढून बसले होते. तुमच्यासारख्यांमुळे सगळं नेटवर्क धोक्यात येतं.

चाकणचा कारखानदार
‘तुमच्यासारख्यांमुळे’ म्हणजे काय? नीट बोला. माझं मशीन नेटला जोडलेलंच नाही. प्रोग्रॅम पेन ड्राइव्हने जातो. त्या मशीनवर आठ घरं चालतात. ते बंद ठेवून त्यांना काय, नवीन विंडोज दाखवू?

बावधनकर
पेन ड्राइव्ह! म्हणजे रोज दार उघडं ठेवता.

चाकणचा कारखानदार
तो ड्राइव्ह दुसऱ्या कुठल्या मशीनला लागत नाही, कपाटात कुलपात असतो. चाकणला येऊन बघा आणि मग बोला.

नारायणपेठी
पेन ड्राइव्हवर दिवस घालवू नका. बावधनकर, अपडेट केलं की प्रश्न मिटतो हा तुमचा मुद्दा मुळातच कच्चा आहे. डब्ल्यूएमआयसी बघा, मशीनची माहिती दाखवणारी विंडोजची कमांड. सीरियल नंबर काढायला निम्म्या पुण्यातल्या आयटी विभागांच्या स्क्रिप्टमध्ये ती असेल. विंडोज 10 च्या 21एच1 आवृत्तीपासून ती डेप्रिकेटेड (पुढे काढून टाकायच्या यादीत) झाली, विंडोज 11 च्या 24एच2 मध्ये ती मुळात बसवलेलीच नसते. इथे अडकतो तो अपडेट केलेला माणूस. कमांड कधीपासून आहे आणि कधीपर्यंत आहे, दोन्ही लिहायला हवं.

बावधनकर
24एच2 चं खरं आहे. शेजारी आकडा असावा, एवढं मान्य. विंडोज 7 चं समर्थन मात्र मी करणार नाही, कोणी कितीही सांगो.

औंधची टेकरायटर
मग तो आकडा डेव्हलपरने कोड देतानाच द्यायचा, हेही मान्य करा. मी तो कुठून आणू?

चाकणचा कारखानदार
माझ्याकडच्या मशीनच्या यादीची स्क्रिप्ट डब्ल्यूएमआयसीवरच आहे. ऑफिसमधले नवे लॅपटॉप 24एच2 चे, शॉपफ्लोअरवर विंडोज 7. दोन्हीकडे चालेल असं काही आहे का?

भोसरीचा सर्व्हिसवाला
दादा, पॉवरशेलमधलं गेट-डब्ल्यूएमआयऑब्जेक्ट वापरा. विंडोज 7 सोबत पॉवरशेल 2.0 येतं, त्यात आहे. 24एच2 मधल्या पॉवरशेल 5.1 मध्येही आहे. त्याच कामाचं नवं गेट-सिमइन्स्टन्स घेऊ नका, ते पॉवरशेल 3.0 पासून. आणि कोणी लॅपटॉपवर पॉवरशेल 7 टाकलं असेल तर तिथून चालवू नका, त्यातून गेट-डब्ल्यूएमआयऑब्जेक्ट काढलेलं आहे. फाइलच्या पहिल्या ओळीत हे लिहून ठेवा.