विज्ञानाचा इतिहास आणि तत्त्वज्ञान यात पीएचडी : सोलापुरातून सुरुवात करता येईल का?

जुळेसोलापूर_७ :

नमस्कार मंडळी. एमएस्सी फिजिक्स झालंय, दोन वर्षं ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायलोय. पीएचडी करायचीय पण लॅबमधली नाही, विज्ञानाचा इतिहास आणि तत्त्वज्ञान यातली. डोक्यात हे कुठनं आलं ते सांगतो. आमचे आजोबा दरवर्षी दोन पंचांगं घ्यायचे, एक आपल्या सोलापुरातूनच निघणारं दाते आणि दुसरं टिळक पंचांग. एकदा दोन्ही शेजारी ठेवून रात्रभर बघत बसलो, तिथी संपायच्या वेळा जुळतात पण नक्षत्र संपायची वेळ सात-सात तास वेगळी, आणि मकर संक्रांत एकात १४ जानेवारीला तर दुसऱ्यात १० ला. आकाश एकच आणि चंद्र एकच मग असं का, आणि यातलं बरोबर कुठलं हे ठरवायचं कुणी?

एका प्राध्यापकांना विचारलं तर म्हणाले हा विषय फिजिक्सचाही नाही आणि इतिहासाचाही नाही, गाईड मिळणार नाही, नाद सोड. मला सोडायचा नाहीये. कुठं कुठं संधी आहेत, फेलोशिप कशी मिळते, घरी पैसे द्यावे लागतात त्यामुळं फुकट करणं जमणार नाही. जाणकारांनी सांगावं.

ध्रुवमत्स्य :

आधी तुझ्या पंचांगाचं बोलतो, कारण तुझा विषय तिथंच आहे. तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातलं अंतर, दर १२ अंशाला एक तिथी. राशीचक्र कुठनं मोजायला सुरू करायचं तो बिंदू सरकवला तरी वजाबाकीत तो उडून जातो म्हणून तिथी जुळतात. नक्षत्र मात्र एकट्या चंद्राच्या जागेवर ठरतं. टिळक पंचांग रेवतीतल्या एका ताऱ्यापासून मोजतं आणि दाते चित्रापक्ष धरतं, म्हणजे चित्रा ताऱ्याच्या बरोबर समोरच्या बिंदूपासून मोजतं, दोन्हींत जवळपास ४ अंशांचा फरक. चंद्र दिवसाला साधारण १३ अंश चालतो, म्हणजे ४ अंशाला सात तासांच्या वर झाले. सूर्य दिवसाला एक अंश, म्हणून संक्रांत चार दिवस अलीकडे. मास्तर आहेस, पोरांना फळ्यावर करून दाखव, मजा येईल त्यांना.

आता खरी गोष्ट. नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० च्या सुमारास ग्रहलाघव हा ग्रहगणिताचा ग्रंथ लिहिला ते जुनी गणितं आकाशाशी जुळेनात म्हणून, आणि ज्या-कोज्या (साइन-कोसाइन) न वापरता लिहिला, म्हणजे साध्या जोशीबुवालाही गणित जमावं. पुढं त्याचंही गणित मागं पडायला लागलं तेव्हा केरूनाना छत्र्यांनी १८६० मध्ये युरोपियन गणितावरून मराठीत ग्रहसाधनाची कोष्टकं काढली. हे वाद दृक्प्रत्ययाचे, म्हणजे गणित आकाशात दिसतं त्याच्याशी जुळतं का याचे, ग्रहण सांगितलेल्या वेळेला लागलं का नाही ते डोळ्यांनी बघायचं आणि मिटवायचं. पण तू जो वाद उचललास तो तसा मिटतच नाही! आरंभबिंदू आकाशात लिहिलेला नसतो, तो माणसांनी ठरवायचा असतो. भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या सरकारी कॅलेंडर समितीनं १९५५ च्या अहवालात चित्रापक्ष घेतला, तो सिद्ध झाला म्हणून की सगळ्यांना एका ठिकाणी आणायला? निरीक्षणानं काय ठरतं आणि संकेतानं काय ठरतं, हा विज्ञानाच्या तत्त्वज्ञानातला मोठा प्रश्न आहे आणि तुझ्या आजोबांनी तो भिंतीला खिळ्यावर टांगून ठेवला होता. शं. बा. दीक्षितांचं १८९६ चं भारतीय ज्योतिषशास्त्र मिळव आणि हळूहळू वाच, घाई करू नको. विषय फिजिक्सचाही आहे आणि इतिहासाचाही आहे, त्या सरांना सांग.

पाणीवेस :

मी व्यवहाराचं सांगते. मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, टीआयएफआरचं (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं), तिथं विज्ञान शिक्षणात पीएचडी होते आणि विज्ञानाचा इतिहास-तत्त्वज्ञान हा तिथल्या कामाचा भाग आहे, एमएस्सीवाल्यांना चालतं. आयआयटी मुंबईत मानव्यविद्या विभागात तत्त्वज्ञानाची पीएचडी आहे शिवाय संस्कृतातल्या विज्ञान-तंत्रज्ञानावर वेगळा सेल आहे, तुझ्या विषयाला तो बरोबर बसतो. बंगळुरूला एनआयएएस ही संशोधन संस्था. पुण्यात भांडारकर संस्थेत जुनी हस्तलिखितं, ती तर सोलापूरहून एका दिवसात बघून येण्यासारखी. परदेशात केंब्रिजला या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे आणि बर्लिनला माक्स प्लांकची संस्था आहे फक्त विज्ञानाच्या इतिहासाला वाहिलेली, पण ते दुसऱ्या टप्प्याला.

पैशाचं : जेआरएफ (परीक्षेतून मिळणारी संशोधनाची फेलोशिप) निघाली तर महिन्याला ३७ हजार, वर घरभाडं. तू फिजिक्सवाला म्हणून सीएसआयआरची परीक्षा दे, पण त्या फेलोशिपवर तत्त्वज्ञान विभागात घेतात का हे फॉर्म भरायच्या आधी त्या विभागाला मेल करून विचार, मी विचारलं नव्हतं आणि माझं एक वर्ष गेलं. आयसीपीआर (तत्त्वज्ञानाची केंद्रीय परिषद), आयसीएचआर (इतिहासाची) यांच्या वेगळ्या फेलोशिप असतात. आपल्या राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती या वेगवेगळ्या समाजघटकांसाठीच्या सरकारी संस्था फेलोशिप देतात, ज्याला जी लागू असेल ती, पण तिथं आधी पीएचडीला प्रवेश लागतो. दरम्यान इग्नूतून एमए तत्त्वज्ञान नोकरी करत करत होऊन जातं. आणि इंडियन जर्नल ऑफ हिस्टरी ऑफ सायन्सचे १९६६ पासूनचे अंक आहेत, जुने नेटवर फुकट मिळतात, रोज एक लेख वाच, चार महिन्यांत कोण काय करायलंय ते कळतं. प्रपोजल दोन पानांचं लिही, त्यात 'भारतीय खगोलशास्त्राचा इतिहास' असलं काही नको, ती संक्रांत घाल, १० आणि १४.

तिलोय :

पंचांग सोडूनही सोलापुरात माल आहे हो. महावीराचार्यांचा गणितसारसंग्रह, नवव्या शतकातला, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातला, त्याची हिंदी अनुवादासकट आवृत्ती १९६३ मध्ये आपल्या सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेनं काढली. त्याच्या आधी तिलोयपण्णत्ती १९४३ आणि १९५१ असे दोन भाग, प्राकृत ग्रंथ, त्यात जैन विश्वरचनेचं गणित. जगभर जैन गणितावर लिहिणारे लोक संदर्भात 'शोलापूर' लिहितात आणि आपल्या पोरांना हे माहीत नाही याचं मला फार वाईट वाटतं. गिरण्यांच्या गावात असले ग्रंथ का छापले गेले, पैसा कुठल्या व्यापाऱ्यांचा, प्रुफं कोण तपासायचं, यावर एक प्रबंध सहज होईल. प्राकृत येत नसेल तरी हा भाग करता येतो.

पूर्वभाग_माग :

माझं थोडंसंच. वडील चादरीच्या मागावर होते. जॅकार्ड म्हणजे मागावर नक्षी विणायची यंत्रणा, तिची भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं दोऱ्यानं ओवून माळ करायची, एक भोक चुकलं की मोराच्या मानेत आडवी रेघ यायची ती मला अजून दिसते. हेच कार्ड पाहून चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणनयंत्रात कार्डं घ्यायचं ठरवलं, हे मला इंजिनिअरिंगला कळलं. आता इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आले, जुनी कार्डं रद्दीत जायलीत आणि ती ओवणारी माणसं सत्तरीच्या पुढं आहेत. कुणीतरी त्यांच्याशी बोलून लिहून ठेवा, तेलुगू येत असेल तर अजून चांगलं, मी सोबत येतो.

जुळेसोलापूर_७ :

सगळ्यांचे मनापासून आभार. तिथी का जुळतात ते काल अकरावीच्या वर्गात करून दाखवलं, एक पोरगी म्हणाली सर मग बरोबर कोण, तिला म्हटलं तेच शोधायला निघालोय.

@पाणीवेस, आयआयटीला आणि होमी भाभाला मेल केलाय. @पूर्वभाग_माग, तेलुगू येत नाही पण शेजारचे काका येतो म्हणालेत, रविवारी जमेल का?

आणि एक राहिलं. आजोबांची ट्रंक पूर्ण उपसली. अकरा पंचांगं निघाली, सगळ्यात जुनं शके १८७९ चं, म्हणजे १९५७, राष्ट्रीय कॅलेंडर सुरू झालं तेच वर्ष. चैत्राच्या पानावर आजोबांनी पेन्सिलनं सरकारी तारीख पण लिहायला सुरुवात केलीय, रोज एक, आणि ज्येष्ठात कुठंतरी थांबलेत. पानं कडेनं तुटायलीत, स्कॅनरवर दाबू का नको? का वरून मोबाईलनंच फोटो काढू?

ध्रुवमत्स्य :

दाबू नको!! खिडकीजवळ उजेडात वरून काढ, कव्हर, जाहिराती, कोरी पानं सगळं काढ, आणि ते पेन्सिलवालं पान आधी.