प्राणिप्लवक की प्राणीप्लवंग? आणि ‘सुपोषण’चं काय करायचं?

तळेकाठ:
आमच्या गावतळ्याच्या बांधावर माहितीफलक लावायचाय. कोल्हापूरपासून जवळच आहे तळं, तीन बाजूंनी ऊस आणि चौथ्या बाजूला आता एनए होऊन प्लॉट पडलेत. मूळ मजकूर इंग्रजीत आलाय, मराठी मी करतेय आणि दोन ठिकाणी अडलेय. पहिलं म्हणजे झूप्लँक्टन, पाण्यात तरंगणारे बारीक प्राणी. शाळेत आपण प्लवक शिकलो, त्यामुळे मी प्राणिप्लवक लिहिलं होतं, पण तळ्याचा मासेमारीचा ठेका ज्यांच्याकडे आहे ते म्हणाले ताई प्लवक कुणी म्हणत नाही, प्लवंग म्हणा. दुसरं युट्रोफिकेशन, म्हणजे पोषकद्रव्यं जास्त झाल्यानं पाण्यात शेवाळ बेसुमार वाढणं. जुन्या फलकावर याला सुपोषण छापलेलं होतं, अख्खं वाक्य असं की ‘शेती व वस्तीमुळे तलावाचे सुपोषण झाले आहे’. अंगणवाडीतल्या मदतनीस बाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, बरं झालं की मग. आता त्यांच्या भिंतीवर ‘कुपोषणाकडून सुपोषणाकडे’ लिहिलेलं आहे, त्या दुसरा काय अर्थ लावणार?

मला फलकावर एवढंच पोचवायचंय की भोवतीची जमीन आपण जशी वापरतो तसे पाण्यातले हे बारीक जीव बदलतात. रानातनं खत आणि माती वाहून आली, वस्तीतलं सांडपाणी आलं की आधी मोठ्या पाणपिसवा (डाफनिया) कमी होतात, मग रोटिफर या त्यांच्याहून बारीक प्राण्यांचं राज्य येतं. त्यातही ब्रॅकिओनस या गटातले फार दिसायला लागले तर पाणी बिघडतंय असं समजतात. शब्द सुचवा, फलक छापायला जायचाय.

नीरक्षीर:
प्लवक हाच शब्द बरोबर. प्लु धातू, तरंगणे, वाहणे, पोहणे. त्यावरून प्लव म्हणजे होडी, तराफा. प्लवक म्हणजे तरंगणारा. प्लवंग म्हणजे उड्या मारत जाणारा, अमरकोशात वानराच्या नावांमध्ये कपि, प्लवंग, प्लवग अशी ओळच आहे. तळ्यात वानरं आहेत असं फलकावर लिहायचं का? मत्स्यविभागात कुणीतरी कधीतरी लिहिलं आणि ते पुढे चालत राहिलं म्हणून ते शुद्ध होत नाही. शिवाय प्लवक शब्दाचं प्लँक्टनशी नातं आहे, प्लव आणि प्लँक एकाच मुळातले. इतका नेमका जुळणारा शब्द आपल्याकडे असताना तो सोडायचा कशासाठी?

सोनचाफा:
नीरक्षीर, प्लवकबद्दल सहमत पण नात्याबद्दल नाही. ग्रीकमध्ये प्लु ची बहीण आहे ती ‘प्लेओ’, म्हणजे गलबतातून जाणे. प्लँक्टन त्या घरातला नाही. तो ‘प्लाझो’पासून आलाय, त्याचा अर्थ वाट चुकवणे, भटकायला लावणे. व्हिक्टर हेन्सेन नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८८७ मध्ये हा शब्द वापरात आणला, त्याच्या डोक्यात तरंगणं कमी आणि प्रवाहाबरोबर भरकटणं जास्त होतं. उच्चार जवळचा आहे म्हणून मूळ एक असं धरायला लागलो तर काहीही सिद्ध करता येईल.

आणि उड्यांचंच म्हणाल तर पाणपिसू पाण्यात कशी जाते बघा कधी. झटके देत, टुणटुण. पिसू हे नाव तिला त्यावरूनच पडलंय, सतराव्या शतकात स्वामरडाम या डच माणसाने तिला पाण्यातली पिसू म्हटलं. ती कीटक नाही, झिंग्या-खेकड्यांच्या गोतातली आहे, पण चाल पिसवेसारखी. म्हणजे प्लवंग शब्द निदान तिला तरी शोभतो.

इंदापूरकर:
आमचं शेततळं आहे, कटला रोहू सोडतो. प्रशिक्षणाला गेलो तेव्हापासून प्लवंगच ऐकतोय, वनस्पती प्लवंग आणि प्राणी प्लवंग. पेपरात शेतीच्या पानावर पण तेच येतं. बीज सोडायच्या आधी शेण आणि सुपर फॉस्फेट टाकायचं, पाण्याला हिरवट झाक आली की समजायचं खाणं तयार होतंय. हात कोपरापर्यंत बुडवायचा, तळहात दिसेनासा झाला की प्लवंग पुरेसे. नीट बघायचं असेल तर बारीक जाळीतून ५० लिटर पाणी गाळायचं, खाली दीड-दोन मिली प्लवंग जमले तर चांगलं. कटला वरच्या थरात राहतो आणि याच प्राणी प्लवंगांवर वाढतो.

आता यात सुपोषण म्हटलं तर काय चुकलं ते मला कळत नाही. आम्ही पैसे खर्च करून पाण्याचं सुपोषण करतो. अंगणवाडीच्या बाई बरोबर बोलल्या.

तळेकाठ:
दादा, शेततळ्यात तुम्ही मोजून टाकता, मासे काढता, वाटलं तर पाणी बदलता. गावतळ्यात मोजणारं कुणी नाही. तुमचंच सुपर फॉस्फेट तिथं दर पावसाळ्यात उसाच्या मातीला चिकटून येतं आणि गाळात बसतं, बाहेर जायला वाट नाही. मग हिरवट झाक राहत नाही, मायक्रोसिस्टिस या निळ्या-हिरव्या शेवाळाचा थर येतो, रंग ओतल्यासारखा. त्याचे पुंजके पाणपिसूला गिळता येत नाहीत, तिची गाळणी तुंबते, वर त्यात विष असू शकतं. रात्री हे सगळं शेवाळ प्राणवायू ओढतं आणि पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात. रंकाळ्याचा हिरवा रंग आणि वास कोल्हापूरकरांना सांगायला नको.

नुसता गाळ सुद्धा पुरतो. पाणपिसू जे समोर येईल ते गाळून खाते, त्यात मातीचे कण जास्त झाले की पोट भरतं पण अंगी लागत नाही. रोटिफर निवडून खातात, म्हणून ते तगतात. म्हणजे उताराला आडवी नांगरट केली की उभी, बांधावर गवत ठेवलं की काढलं, याचा हिशोब थेट पाणपिसवेपर्यंत जातो. मला हे लिहायचंय आणि सुपोषण या शब्दाने नेमकं उलटं होतंय.

सुलभामावशी:
तुम्ही सगळे प्लवक प्लवंग करताय पण यातला एक प्राणी आमच्या पिढीला नावानिशी पाठ होता, सायक्लॉप्स. नारूचा, म्हणजे कातडीखाली वाढणाऱ्या लांब जंताचा रोग! मी मराठवाड्यातली. पायऱ्यांच्या विहिरीत, बारवेत लोक पाय बुडवून पाणी भरायचे, नारू झालेल्या माणसाच्या जखमेतनं त्या जंताच्या अळ्या पाण्यात जायच्या, सायक्लॉप्स त्या खायचा आणि पाण्याबरोबर सायक्लॉप्स आपल्या पोटात. शाळेत चित्र काढायला लावायचे, एक डोळा आणि दोन बाजूंना अंड्यांच्या पिशव्या. आरोग्याची माणसं सांगत फिरायची की पाणी दुहेरी फडक्यानं गाळा. आई धुतल्या लुगड्याचा पदर घागरीवर बांधायची. १९९६ नंतर देशात रुग्ण सापडला नाही आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. फडक्यानं आणि पायऱ्या बंद करून हे झालं, आणि त्यात लोकांना सायक्लॉप्स हा परका शब्द बोलायला काही जड गेला नाही. म्हणून म्हणते, चित्र काढा आणि खाली सायक्लॉप्स, डाफनिया, रोटिफर लिहा. लोक शिकतात.

खारेपाटण:
सुलभामावशींना अनुमोदन. आणि आम्ही कोकणातले तर प्राणिप्लवक ताटात घेतो, जवळा म्हणजे दुसरं काय? तो समुद्राचा आहे हे मान्य, पण लोकांना कल्पना द्यायची तर ‘गोड्या पाण्यातला जवळा’ इतकं लिहिलं तरी डोळ्यासमोर येईल.

सोनचाफा:
खारेपाटण, मग लोक जाळं घेऊन येतील. जवळा डोळ्याला दिसतो, हे त्याहून कितीतरी लहान. मोठी पाणपिसू दोन-तीन मिलिमीटर, रोटिफर तर मिलिमीटरचाही छोटासा भाग. आणि घाटावर जवळा म्हणजे सुकटीचा वाटा, जिवंत कुणी बघितलेलाच नसतो.

गणेशमळा:
मूळ मुद्दा सुपोषणाचा होता. माझं मत, सरळ ‘तळं माजलंय’ म्हणा. रान माजतं, तण माजतं, खाऊन खाऊन माणूस माजतो. जास्त खायला मिळालं म्हणून वाढ बेसुमार होते, हाच युट्रोफिकेशनचा अर्थ ना? ‘खत आणि सांडपाण्यानं तळं माजतं’. अंगणवाडीच्या बाईच काय, दुसरीतलं पोरगं पण समजेल. परिभाषा कोशातला शब्द वाचून कुणाला खत कमी टाकावंसं वाटलंय?

नीरक्षीर:
गणेशमळा, माज हा शब्द जनावराच्या संदर्भातला आहे, सार्वजनिक फलकावर शोभत नाही. शिवाय शास्त्रीय संज्ञेत निंदा नसते. वेबर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०७ मध्ये दलदलीच्या जमिनींसाठी हे वर्गीकरण केलं, ज्यात पोषकद्रव्यं भरपूर ती युट्रोफिक. पुढे स्वीडनच्या नाउमानने ते तळ्यांना लावलं. तेव्हा त्यात चांगलं वाईट काही नव्हतं. ग्रीक ‘यु’ म्हणजे सु, ‘ट्रोफे’ म्हणजे पोषण. सुपोषण हा तंतोतंत शब्द आहे आणि इंदापूरकरांचं शेततळं त्याचा पुरावा आहे. उद्या एखाद्या मोहिमेने शब्द वापरला म्हणून शास्त्राने तो सोडायचा का?

गणेशमळा:
सोडायचा. शब्द ज्यांच्यासाठी लिहिलाय त्यांना उलटा कळत असेल तर तंतोतंत असून उपयोग काय? १९०७ मध्ये निंदा नव्हती, आज आहे. कॅनडातल्या ऑन्टॅरिओत २२६ नंबरच्या तळ्यात १९७३ ला मधोमध पडदा लावून एका बाजूला फॉस्फरस टाकला होता, तीच बाजू हिरवीगार झाली. वरून काढलेला तो फोटो बघून कुणी सुपोषण म्हणेल का? आणि माज जनावराचा म्हणून वर्ज्य असेल तर शेतकऱ्याच्या निम्म्या भाषेवर फुली मारावी लागेल. ‘तण माजलं’ म्हणताना कुणाला लाज वाटत नाही.

सुलभामावशी:
अतिपोषण चालेल का?

सोनचाफा:
मावशी, अतिपोषण आता लठ्ठपणासाठी वापरायला लागलेत, पुन्हा तोच घोळ. मला ‘माजणं’ पटतंय, पण नाम कसं करणार? तळ्याचा माज? त्याचा अर्थ तळं उद्धट झालं असा होतो. क्रियापद चांगलं, नाम अडचणीचं. मथळ्यात नाम लागतं.

पन्हाळकर:
नाम करायची हौस इंग्रजीची. मराठीत क्रियापदावर भागतं. ‘तळं का माजतं?’ हा मथळा झाला की.

जाता जाता, तळेकाठ, मजकुरात जलपर्णी लिहू नका, आपल्याकडे केंदाळ म्हणतात. पंचगंगेत केंदाळ आलं असंच म्हणतो आपण. जलपर्णी हा पुण्याच्या पेपरांचा शब्द.

नीरक्षीर:
जलपर्णी सगळ्या महाराष्ट्राला कळतो. केंदाळ सोलापूरच्या पुढे किती लोकांना कळेल?

पन्हाळकर:
फलक सगळ्या महाराष्ट्रात लागणार नाहीये. त्या बांधावर लागणार आहे. तिथं फिरायला येणारा माणूस केंदाळच म्हणतो, ते काढायला येणारी पोरं पण केंदाळच म्हणतात.

इंदापूरकर:
आमच्याकडं पण कागदावर तिलापिया असतो आणि काट्यावर चिलापी. उजनीच्या काठाला चिलापी म्हणूनच विकला जातो. प्लवंगही तसाच रुळलाय, त्याचं वानर काढून काय मिळणार? यंदा आमच्या गावच्या तलावाचा गाळ काढून शेतात न्यायचा ठराव झालाय. गाळात सगळं खत साचलंय असं तळेकाठ ताई म्हणतात, मग तो काढला की पाणी सुधारेल आणि रानालाही फायदा. हे फलकावर लिहा, लोकांना काहीतरी करण्याजोगं मिळेल.

तळेकाठ:
दादा, गाळ काढा पण एका उन्हाळ्यात सगळं तळं खरवडू नका. पाणी आटायला लागलं, थंडी पडली, गर्दी झाली की पाणपिसू एक वेगळंच जाड कवचाचं अंडं घालते. ते तळाशी गाळात पडून राहतं, वर्षानुवर्षं, काही तर कित्येक दशकांनीही फुटलेली आहेत. तळं एकदा बिघडून पुन्हा सुधारलं तर पाणपिसवा परत येतात त्या या साठ्यातनं. तो सगळाच ट्रॅक्टरमधून रानात गेला तर पाणी स्वच्छ होईल पण शेवाळ खाणारं कुणी उरणार नाही. एखादा कोपरा ठेवा, शक्यतो ओढा जिथून येतो त्याच्या लांबचा. आणि ओढ्यातनं माती यायची थांबली नाही तर काढलेली जागा काही पावसाळ्यांत पुन्हा भरेल. बांधावर गवत राखणं, उसाची शेवटची सरी पाण्यापासून मागे घेणं, प्लॉटवाल्यांचं सांडपाणी ओढ्यात सोडू न देणं, हे आधी. फवारणीचं पण तेच. पाणपिसू औषधाला इतकी नाजूक की जगभर नव्या रसायनाची पहिली परीक्षा तिच्यावर घेतात, ४८ तास ठेवून.

आता या अंड्यासाठीही शब्द लागणार. इंग्रजीत एफिपियम लिहिलंय.

सोनचाफा:
एफिपियम म्हणजे ग्रीकमध्ये घोड्याच्या पाठीवर टाकतात ते, खोगीर. त्या अंड्याचा आकार पाणपिसवेच्या पाठीवर तसाच दिसतो. ‘खोगीर-अंडी’ म्हणा ना, सुंदर शब्द होईल.

नीरक्षीर:
खोगीर म्हटलं की खोगीरभरती आठवते. सुप्तांड हा शब्द योग्य. आकारच दाखवायचा असेल तर पर्याणांड. पर्याण म्हणजे जीन, खोगीर.

गणेशमळा:
सुप्तांड वाचून कुणाला काय कळणार? झोपलेली अंडी म्हणा.

सोनचाफा:
नीरक्षीर, पर्याणचंच मराठीत पलाण झालंय की. उंटावर, बैलावर घालतात ते पलाण. तुम्हाला संस्कृत मूळ पाहिजे, गणेशमळांना बोलीतला शब्द पाहिजे, पलाण दोन्हीकडचं आहे. पलाणी अंडी.

पन्हाळकर:
पलाण आमच्याकडे आता फक्त म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी उरलंय. पोरांना खोगीर पण माहीत नाही, त्यांना सीट माहितीये. जो शब्द तुम्हाला समजावून सांगायला लागतो तो फलकावर घालायचाच असेल तर मग सुप्तांडाने काय घोडं मारलंय?