मदत हवी आहे : थकलेल्या दिवशी निदान काय टिकवावे?

नमस्कार.

माझे वय ४६, राहणे बदलापूरला आणि नोकरी फोर्टमध्ये, हुतात्मा चौकाजवळ. कार्यालयाच्या वार्षिक तपासणीत तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ६.२ आली. ५.७ ते ६.४ हा पट्टा मधुमेहपूर्व अवस्थेचा समजतात, त्यामुळे तूर्त गोळ्या नाहीत. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालणे, रात्रीचे जेवण लवकर आणि बेताचे, आणि पुरेशी झोप एवढेच डॉक्टरांनी सांगितले आहे. हे सर्व मला पटते, पण संध्याकाळी सातनंतर ते करायला अंगात त्राण उरत नाही, आणि म्हणूनच हा धागा काढला आहे.

दिनक्रम सांगते, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना अंदाज येईल. पहाटे पाचला उठून दोन डबे आणि सासूबाईंचा नाश्ता उरकून मी सातच्या आतली लोकल पकडते. बदलापूर ते सीएसएमटी हे अंतर ६८ किलोमीटर. बसायला मिळालेच तर बहुधा चौथी सीट मिळते, म्हणजे अर्धे अंग बाकावर, अर्धे वाटेत, आणि तोल जाऊ नये म्हणून एक पाय जमिनीला रेटलेला. कल्याण येईपर्यंत कंबर बोलू लागते. परतताना डब्यात कोणी मटार सोलते, कोणी मेथी निवडते, आणि मी बहुतेक वेळा डोळे मिटून उभी असते. घरी पोहोचायला पावणेनऊ होतात, जेवायला साडेनऊ.

सोमवार-मंगळवार उत्साहात जातात आणि जेवणानंतर सोसायटीच्या आवारात फेऱ्याही होतात. बुधवारी फेऱ्या गळतात. गुरुवारी स्टेशनबाहेरचा वडापाव पोटात जातो, त्यावर घरी पुन्हा भात होतो, आणि शुक्रवारी ‘आता सोमवारपासून’ असे ठरते. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची दोन वेळा जेवण आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणे ही पद्धतही करून पाहिली. जेवणाचा भाग निभावला असता, पण त्या चालण्याला या दिनक्रमात जागा सापडली नाही.

एक विनंती आधीच करते. ‘अर्धा तास लवकर उठा’ हा सल्ला कृपया देऊ नये. मला साडेपाच-सहा तासांची झोप मिळते, आणि तिच्यातूनच व्यायामाचा वेळ कापणे मला शहाणपणाचे वाटत नाही. अपुऱ्या झोपेने भूक आणि साखर दोन्ही वाढतात हे डॉक्टरांनीच बजावले आहे.

विचारायचे ते असे, की ज्या दिवशी काहीच होणार नाही असे वाटते, त्या दिवशी यांपैकी कोणती एक सवय सोडू नये आणि कोणती बिनधास्त सोडावी? आणि सहा वाजताच्या त्या कडाडून लागणाऱ्या भुकेचे काय करावे? असाच लांबचा प्रवास करणाऱ्यांकडून ऐकायला अधिक आवडेल.

प्रतिसाद

ताई, मीही अनेक वर्षे कर्जतहून अप-डाऊन केले आहे, त्यामुळे चौथी सीट वेगळी समजावून सांगायला नको.

सवयींकडे वळण्याआधी थकव्याची चौकशी करा. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी१२ आणि थायरॉइडसाठी टीएसएच या तपासण्या अलीकडे झाल्या आहेत का? तुमच्या वयात पाळी अनियमित होऊन रक्तस्राव वाढणे नवीन नाही, आणि त्याने शरीरातील लोह खालावते. त्यातही लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की लोहाच्या कमतरतेमुळे एचबीए१सी प्रत्यक्षापेक्षा थोडे जास्त दिसू शकते. म्हणून उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखरही डॉक्टरांना दाखवून घ्यावी. शाकाहारी असाल तर बी१२ टाळू नका. आणि घोरण्याबद्दल घरातल्यांना विचारा, कारण घोरताना श्वास अडखळत असेल तर कितीही झोपलात तरी माणूस थकलेलाच उठतो.

चालण्याबद्दल म्हणाल, तर ते सलग अर्धा तास झालेच पाहिजे असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२०च्या मार्गदर्शनात आठवड्याला किमान १५० मिनिटांची अपेक्षा ठेवली, पण एका वेळी निदान दहा मिनिटे हवीत ही जुनी अट काढून टाकली. तुम्ही सीएसएमटीहून हुतात्मा चौकापर्यंत बस किंवा शेअर टॅक्सी घेत असाल तर ती सोडा. दादाभाई नौरोजी रस्त्याच्या कमानींखालून गेलात तर पावसातही फारसे भिजायला होत नाही. फेरीवाल्यांमुळे वेग पडतो, पण दोन्ही वेळचे मिळून पंचवीसेक मिनिटे सहज होतात, आणि मुख्य म्हणजे ती घरी पोहोचण्याआधीच झालेली असतात. थकलेल्या दिवशी माझ्या मते हेच सोडू नये. रात्रीच्या फेऱ्या जमल्या तर उत्तमच, कारण जेवणानंतर दहा मिनिटे चालल्यानेही साखरेची उसळी कमी होते. पण न जमल्यास त्यांचे वाईट वाटून घेऊ नका.

भुकेसाठी दुसरा छोटा डबा न्या. निघण्यापूर्वी कार्यालयातच एक पोळी आणि उसळ खाल्ली, तर वडापावची गाडी दिसूनही पाय थांबत नाहीत. घरी मग वरण, भाजी आणि ताक एवढ्यावर भागते. नुसते फुटाणे-शेंगदाणे मला पुरले नाहीत. प्रत्येकाचे पोट निराळे.

मूळ प्रश्नकर्तीचे उत्तर

मनापासून आभार. मी शेअर टॅक्सीच घेते, आणि ती सोडण्याचा विचार खरोखर सुचला नव्हता, कारण चालणे म्हणजे बूट घालून, घरून निघून केलेले चालणे असेच डोक्यात बसले होते.

अहवाल पुन्हा काढून पाहिला. हिमोग्लोबिन १०.८ आहे, स्त्रियांसाठी १२च्या खाली कमी धरतात, पण साखरेच्या चर्चेत त्याचा विषयच निघाला नाही. फेरिटिन आणि बी१२ केलेले नाही. शनिवारी डॉक्टरांकडे जाऊन दोन्ही तपासण्या लिहून घेते. जेवणाच्या डब्यावर लगेच चहा घेण्याची आमच्या टेबलाची पद्धत आहे आणि चहाने लोह कमी शोषले जाते असे वाचले आहे, त्यामुळे तो चहा आता तासाभराने घेईन आणि उसळीवर लिंबू पिळेन.

दुसरा डबा सोमवारपासून नेते, कारण घरातली मटकी आज भिजत घातली आहे. एकच विचारायचे राहिले : उसळ दुपारच्या उकाड्यात संध्याकाळपर्यंत टिकते का, की सकाळी परतून कोरडीच न्यावी? आमच्या कार्यालयात फ्रीज नाही.