कनातीतून पूर्वी किती पाणी वाहत होतं, हे बोगदा मोजून सांगता येईल का?

कोरडवाहू (धागाकर्ता)
कनात म्हणजे इथे तंबूची नव्हे, इराणमधला पाण्याचा भुयारी पाट. डोंगराच्या पायथ्याशी खोल मूळ विहीर, तिथून अगदी हलक्या उताराचा बोगदा, आणि पाणी आपसूक शेतावर. गोनाबादची कनात सुमारे 33 किलोमीटर आहे. 2016 साली जागतिक वारसा यादीत गेलेल्या 11 कनातींपैकी ती एक.

माझं मत, जुना प्रवाह आजही काढता येतो. भिंतीवर क्षारांची रेघ असते, ती पाण्याची उंची. उतार मोजा, मॅनिंगचं सूत्र (रुंदी, पाण्याची उंची, उतार आणि तळ-भिंतींचा खडबडीतपणा यांवरून प्रवाह काढायचं) लावा. रुंदी 70 सेंमी, पाणी 20 सेंमी, उतार हजारास एक, खडबडीतपणा 0.025 धरला तर सेकंदाला साधारण 45 लिटर. दिवसाला जवळपास 39 लाख लिटर!

विहिरीकाठ
सहमत नाही. बोगद्याचं माप पाण्यासाठी ठरलेलंच नसतं. वाकून कुदळ चालवणारा माणूस मावेल एवढा तो खणतात. पाणी किती येणार ते वरच्या ओल्या थरावर. आणि रेघ 40 सेंमीवर निघाली तर तुमचे 45 लिटर 115 होतात. ती रेघ भरल्या वर्षाची, की पुढे माती ढासळून पाणी तुंबलं तेव्हाची?

कोरडवाहू
तुंबलेलं ओळखता येतं. तुंबलेल्या पाण्याची रेघ सपाट राहते, वाहत्याची तळाबरोबर उतरते. 200 मीटरांत 20 सेंमीचा फरक पडतो, तो लपत नाही.

दगडमाती
बुऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्यात उतरलो आहे. तीही याच जातीची, मुघलकाळातली रचना. आत क्षार साचून वाट अरुंद झाली आहे. मग आजची रुंदी मूळची कशी मानायची? खडबडीतपणा 0.04 धरलात तर 45 चे 28 होतात. त्यापेक्षा लाकडाचा तुकडा सोडा, 10 मीटरला किती सेकंद लागतात ते बघा, वरच्या वेगाला 0.85 ने गुणा. निदान आजचा आकडा तरी खरा मिळेल.

विहिरीकाठ
आजच्या आकड्यावरून कालचा कसा कळणार? आजूबाजूच्या खोल विहिरींनी, पंपांनी कित्येक कनाती आटवल्या.

जुन्या वाटपाच्या नोंदींचाही इथे उपयोग नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. आपल्या घटिकापात्रासारखी भोकाची तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची, ती बुडेपर्यंत पाणी एकाचं. हक्क वेळेचा होता, लिटरचा नाही. दुष्काळातही वाटी तेवढ्याच वेळात बुडणार. पाट मात्र अर्धा.

कोरडवाहू
वाटीचा मुद्दा पटला. तरी रेघ धरून वरची मर्यादा नक्की काढता येते, आणि ती मी सोडणार नाही.

विहिरीकाठ
तेवढं मान्य. पण मग 'एवढं पाणी वाहत होतं' असं लिहू नका, 'वाहतं असताना याहून जास्त नव्हतं' असं लिहा. आणि क्षार खरवडून मूळ भिंत कुठे लागते ते आधी बघा.