मदत हवी आहे : १/७२ मापातल्या सेंच्युरियन रणगाड्याची तोफ वाकते, हलला (धडाला) चिरा जातात

बसंतरच्या लढाईसाठी (डिसेंबर १९७१, १७ पूना हॉर्स ही रणगाडा रेजिमेंट) सेंच्युरियनचा ट्रूप (छोटी तुकडी) थ्रीडी प्रिंट करतो आहे. फाइल २८ मिमी वॉरगेमिंगची, म्हणजे १/५६. हल पोकळ, सपोर्ट (प्रिंट होताना आधार देणाऱ्या काड्या) आधीच लावलेले. ती ७७.८ टक्क्यांवर आणून १/७२ केली. साधं राखाडी रेझिन (उजेडाने कडक होणारं द्रव प्लास्टिक), लेयर ०.०५ मिमी, एक्स्पोजर (प्रत्येक लेयरवर उजेड पाडण्याचा वेळ) २.५ सेकंद, तळाचे ५ लेयर ३० सेकंदांचे. आयपीएत (आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये) धुऊन, यूव्हीखाली १० मिनिटं क्युअर (पक्कं) करतो.

तोफेची नळी वाकते, ट्रॅक (साखळीपट्टे) झाकणारे बाजूचे पत्रे लहरी येतात. सगळ्यात वाईट म्हणजे दोनेक आठवड्यांत हलच्या कोपऱ्यांना चिरा जाऊन आतून चिकट रेझिन झिरपतं. एक्स्पोजर वाढवू का?

प्रतिसाद १

एक्स्पोजरला हात लावू नका. सपोर्टसकट फाइल लहान केलीत, दोष तिथे आहे. मॉडेलबरोबर बाकी सगळंही आक्रसलं : सपोर्टचं ०.४ मिमीचं टोक ०.३१ झालं, २ मिमीचं निचऱ्याचं भोक १.५६. एवढ्या भोकातून घट्ट रेझिन वाहत नाही आणि आयपीएही आत फिरत नाही. आत अडकलेलं कच्चं रेझिन हळूहळू भिंतीवर ताण देतं आणि कोपरा फुटतो.

सपोर्ट नसलेली फाइल घ्या, आधी लहान करा, मग स्लायसरमध्ये (मॉडेलचे लेयर पाडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) सपोर्ट लावा. या मापात हल जेमतेम १०५ मिमी लांब. पोकळ ठेवायचीच तर भिंत २ मिमी आणि तळाला ३ मिमीची दोन भोकं, दोन टोकांना. एकाच भोकाने हवा आत शिरत नाही, रेझिन बाहेर येत नाही. धुताना सिरिंजने आत आयपीए मारा, हल पूर्ण वाळू द्या आणि मगच क्युअर करा. बारीक यूव्ही एलईडी भोकातून आत सोडता आला तर उत्तमच. बाहेरून ३-४ मिनिटं पुरतात. १० मिनिटांनी रेझिन ठिसूळ होतं.

हल प्रिंटरच्या प्लेटवर सपाट ठेवू नका. तळाचे लेयर जादा एक्स्पोजरने पसरतात आणि मग ट्रॅक बसत नाहीत. ३०-४० अंश तिरकी ठेवा, सपोर्ट पोटाकडून.

धागाकर्ता

धन्यवाद. पत्रे आणि तोफेचं काय करू?

प्रतिसाद २

खरा पत्रा सुमारे ६ मिमी जाड, म्हणजे १/७२ मध्ये ०.१ मिमीहूनही कमी. तसा प्रिंट होणारच नाही. तुमच्या फाइलमधला आक्रसून अर्धा मिमीच्या आसपास आला असेल, म्हणून लहरतो. सरळ ०.२५ मिमी प्लास्टिक शीट कापून लावा. कडा जिवंत दिसतात. शक्य असेल तर आधी नगरच्या रणगाडा संग्रहालयातला सेंच्युरियन बघून या, पत्र्यांचे जोड आणि कंस फोटोत कधीच नीट कळत नाहीत.

तोफ वेगळी प्रिंट करा, ४५ अंशांत. रेझिनमध्ये २० टक्के फ्लेक्झिबल रेझिन मिसळा, म्हणजे खेळताना हात लागून तुटणार नाही. क्युअर करताना फिरवत राहा. एकाच बाजूने उजेड पडला की नळी तिकडे ओढली जाते. वाकलेली नळी ६० अंशांच्या पाण्यात काही सेकंद धरून सरळ करा आणि लगेच गार पाण्यात बुडवा. पण विदर्भातल्या मे महिन्यात ती परत वाकेल. मी तरी २ मिमी पितळी नळीच सुचवेन. सेंच्युरियनच्या २० पाउंडर तोफेचा आतला व्यास ८४ मिमी, या मापात १.१७, तेवढं तोंड असलेली नळी निवडा. फाइलमध्ये नळीच्या मधला जाड फुगवटा असेल तर तो प्रिंटमधून कापून, २ मिमी ड्रिलने आरपार भोक पाडून पितळेवर ओवा. सायनोअ‍ॅक्रिलेट (सुपरग्लू) अगदी थेंबभर पुरतं.